आडापासून सात पावलं

प्रिय आत्याबाई,

सप्रेम जयभीम.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. चौदा वर्षं एका घरात राहिलो, पत्राची गरज कशाला पडेल? शिवाय तुम्हाला वाचता येत नव्हतं. गॅसच्या पावतीपासून मैत्रीच्या निकालापर्यंत घरात आलेला प्रत्येक कागद मीच तुम्हाला वाचून दाखवायची. आज आपल्या आडाच्या पाण्याचा रिपोर्ट आला. सवयीनं तुम्हालाच हाक मारायला निघाले होते. म्हणून शेवटी लिहायला बसले.

पण रिपोर्टच्या आधी एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ऐकून रागावलात तरी चालेल.

आपल्या मैत्रीला कावीळ झाली ते दिवस आठवतात ना? हिमायतनगरहून नांदेडला नेलं, तर तुम्ही नातीच्या उशाशी नुसत्या चहावर बसून राहिलात. पोर बरी झाली, मग आम्ही आडाचं पाणी तपासायला दिलं. कागद आला तेव्हा तुम्ही अंगणात डाळ निवडत होतात, शेजारच्या चार बायकाही होत्या. मी पडले लातूरची शिकलेली सून. तिथंच उभी राहून मोठ्यानं वाचलं, “पाणी दूषित. पिण्यास अयोग्य.”

तुमचे हात सुपातच थांबले. बायका हळूहळू उठून गेल्या.

ते शब्द तुम्हाला कुठं लागतील, याचा विचार मी केलाच नाही. एके काळी गावच्या विहिरीवर आपल्या माणसांनी लांब उभं राहायचं आणि कुणी वरून पाणी ओतलं तर घागर पुढं करायची. त्याला कंटाळून मामंजींनी आणि त्यांच्या वडलांनी दारात आड खोदला. तुम्ही तेव्हा नवी नवरी होतात, हिरव्या बांगड्यांच्या हातांनी मुरमाच्या पाट्या वाहिल्यात. हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतंत, तेही बांगड्या किती फुटल्या याचं हसू करून. आणि मी त्याच आडाला चारचौघींत नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तुम्ही हळूच विचारलंत, “वैशाली, माझा हात लागून बिघडलं का गं पानी? म्या तर पोहरा रोज राखेनं घासून राहिले.”

मी म्हणाले, “तसं नसतं आत्याबाई. जंतू असतात.”

एवढंच म्हणाले. आणि कारण मला तेव्हाच ठाऊक होतं.

पाण्याचा नमुना न्यायला आलेल्या माणसानं मला विचारलं होतं, “संडासाचा खड्डा किती लांब आहे?” मी बेधडक म्हणाले, “लांब आहे.” तो गेल्यावर मोजलं. आडापासून सात पावलं. तो खड्डा तिथंच हवा हा हट्ट कुणाचा होता? माझाच. लग्न होऊन दोन महिने झाले नव्हते आणि मी अडून बसले होते की संडास दारालगत पाहिजे, पावसात चिखल तुडवत मी मागच्या कुंपणापर्यंत जाणार नाही. तुम्ही म्हणालात, “वासाचं हाय, जरा लांब घ्या की.” मग माझं तोंड बघून गप्प बसलात. नव्या सुनेचं मन राखलंत आणि त्याच खड्ड्याची घाण मुरमातून झिरपत आडात गेली.

मग आडात ब्लीचिंग पावडर टाकली. तुम्ही एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवलात. “दवाखाना पिल्यावानी लागतंय,” म्हणालात आणि दिवसभर पाणीच प्यायला नाहीत. म्हणून यूव्हीचा दिवा आणला. भिंतीवर स्टीलची नळी, आत काचेच्या कवचात दिवा. मी समजावलं की गाळणीतून स्वच्छ झालेलं पाणी त्या उजेडापुढून जातं आणि जंतू मरतात, पाण्यात काही मिसळत नाही की पाण्यातलं काही निघत नाही. तुम्ही पेला घेतलात, घोट तोंडात धरून ठेवलात.

“आपलंच हाय,” म्हणालात.

त्या दिवसापासून ती नळी तुमची निळी झाली. पाणी घेण्याआधी तिच्या डोक्यावरचा बारीक निळा उजेड बघायचा हा तुमचा नेम. लाईट गेली की “निळी निजली, कुनी नळाची चावी सोडू नका.” धर्माबादहून तुमचे भाऊ उन्हातून आले, तर सख्ख्या भावाला तासभर तहानलेलं बसवलंत! दिवा दिसायला पेटत असला तरी वर्षानं त्याचा जोर जातो, हे मी विसरायचे, तुम्ही नाही. “निळी म्हातारी झाली, बदला तिला,” म्हणून मैत्रीच्या पप्पांच्या मागं लागायचात. आम्ही हसायचो.

एक मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. दारात कुणी आलं की आधी तांब्या घेऊन पुढं होणाऱ्या तुम्ही. त्या पहिल्या रिपोर्टनंतर म्हणायला लागलात, “तूच दे गं पानी.” मला वाटलं, गुडघे दुखत असतील. इतकी कशी आंधळी झाले मी?

खरं सांगते आत्याबाई, दिवा मी मैत्रीसाठी लावला, पण खड्ड्याचं कुणी विचारू नये म्हणूनही लावला. पाणी पिण्याजोगं झालं, आता कशाला उकरायचं, अशी मनाची समजूत घातली. तुमच्या मनाचं काय, हे विचारलंच नाही.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी शेजारच्या काशीबाई आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “तुझी सासू लई हळवी. पोरीची कावीळ माझ्याच हातानं आली म्हनायची. शेवटपर्यंत म्हनायची.”

मी आत जाऊन रडले. त्याच दिवशी मैत्रीच्या पप्पांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “मायला सांगायचं होतं गं.” दुसऱ्या सकाळी गवंडी घेऊन आले. जुना खड्डा उपसून बुजवला, नवा पार मागच्या कुंपणापाशी, उताराकडं घेतला. आड उपसून धुतला. एक पावसाळा जाऊ दिला. मग निळीच्या आधीचं, थेट आडातलं पाणी तपासायला पाठवलं.

तो रिपोर्ट आज आला. वाचते, ऐका. “जंतू आढळले नाहीत. पाणी पिण्यास योग्य.”

निळी तशीच राहील. पुढच्या पावसाचा भरवसा कुणी द्यावा? दिवा वेळेवर बदलायचं आता माझ्याकडं.

पण मी वचन देतेय ते दुसरंच. येत्या रविवारी तुमचा पहिला स्मृतिदिन. वंदना झाली की सगळी गल्ली अंगणात बसेल, काशीबाईही असतील, त्या दिवशीच्या बाकीच्या बायकाही. मैत्री समोर असेल. मी उभी राहीन आणि सांगेन की खड्डा माझा होता, खोटं माझं होतं. माझ्या सासूच्या हातात काहीच वाईट नव्हतं.

तुमची सून,
वैशाली