रेणुकाच्या पोटातले बॅक्टेरिया

३ जानेवारी, सकाळ
काल वडगावच्या डॉक्टरांनी माझं बीपी १५० सांगितलं, रेणुकाचं १६०. नवरा-बायको दोघांनाही रोज गोळी, तिखट कमी. डॉक्टर वाचन करत नाहीत. मी केलं. मिरचीतलं कॅप्सेसिन पोटातले चांगले बॅक्टेरिया वाढवतं आणि ते हार्ट सांभाळतात. उंदरांवर सिद्ध झालंय. आजपासून दोघांनी जेवणात सहा मिरच्यांचा ठेचा. गोळ्या बंद.

४ जानेवारी
रेणुका म्हणाली, अहो, गोळ्या तरी राहू द्या. मी म्हटलं, एका वेळी दोन उपाय केले तर रिझल्ट कशाचा, ते कळत नाही. तिला समजावलं. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलीत, शिस्त म्हणजे काय ते मला कळतं.

९ जानेवारी
पोटात नुसता जाळ. म्हणजे बॅक्टेरिया कामाला लागले. रेणुका मुकाट्याने खाते. मुळातच दणकट.

१४ जानेवारी
रेणुका तिळगूळ द्यायला गेली ती शेजारच्या नंदाबाईच्या ओट्यावरच बसली. नंदाबाई तिला धरून घेऊन आली. म्हणे, भाऊ, वैनीला लय धाप लागलीया, घामानं भिजल्यात, दवाखान्यात न्या. थंडीत घाम म्हणजे मेटाबॉलिझम वाढला! नंदाबाईला सायन्स कुठून कळणार?

१७ जानेवारी
ॲसिडिटी असह्य. माझा ठेचा तूर्त थांबवला, गोळी सुरू केली. प्रयोगात एक माणूस कंट्रोल म्हणून लागतोच. रेणुकाचं चालू. सलग नोंद हवी.

२१ जानेवारी
रेणुकाचा डावा हात दुखतो. पाट्यावर वाटून वाटून दुखणारच. मिक्सरवर वाट म्हटलं. चव जाईल, पण चालेल.

२३ जानेवारी
सकाळी रेणुका स्वयंपाकघरात कोसळली. नंदाबाईच्या मुलाच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं. मोठा अटॅक. डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी चालू होती ना? बॅक्टेरियाचं सांगणार होतो. तोंडातून निघालं, हो, रोज.

२४ जानेवारी
डॉक्टर म्हणतात, हार्ट अर्धंच काम करतंय. पुढचे दोन दिवस काही सांगता येत नाही. मुलगी अपेक्षा पुण्याहून आली. माझ्याशी बोलत नाही. घरातली आईच्या गोळ्यांची भरलेली पाकिटं बघून आलीय.

२५ जानेवारी
आत पाच मिनिटं सोडलं. रेणुकाने खुणेने जवळ बोलावलं. हळूच म्हणाली, अपेक्षा विचारत होती. मी सांगितलं, मीच कंटाळून बंद केल्या. बाबा रोज आठवण करून द्यायचे.

बाहेर आलो. अपेक्षाने माझ्यासाठी चहा आणला होता. म्हणाली, सॉरी बाबा.
मी चहा घेतला.