मोठ्या विमानाला घाई नसते

७ जानेवारी, सोमवार, सकाळ
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प तीन. रात्रीचं चीज बंद. ओडिलशी वाद बंद. आणि मोठ्या विमानाबद्दल कुणी वाईट बोललं तर शांतपणे समजावून सांगायचं. सध्या तुलूझमध्ये जो तो वाईटच बोलतो. पाववाली बाईसुद्धा म्हणाली, दुमजली विमान, पाचशे माणसं, एवढं धूड घेणार कोण? बायकोशी वाद घालायचा नाही असं ठरलंय, पाववालीचं काही ठरलेलं नाही. दहा मिनिटं समजावलं. मागे रांग लागली. मी सत्तावीस वर्षं वायरिंगवर आहे, त्यातली नऊ फोरमन म्हणून. मला माहीत आहे. ऑर्डरी येणार. एवढी मोठी वस्तू घ्यायला लोक वेळ घेणारच.

९ जानेवारी
पूर्वी महिन्याला दोन विमानं बाहेर पडायची. आता दीड महिन्याला एक. हॉलमध्ये जागा चार, विमान एकच. उरलेल्या जागांवर माझी माणसं टेबल मांडून पत्ते खेळतात. पत्त्यांना बंदी घातली.

१० जानेवारी
बंदी उठवली. एका डावाला चौथा भिडू नव्हता, अडून बसले होते. बसलो. हरलो.

१६ जानेवारी, संध्याकाळ
मॅनेजरबाईंनी बोलावलं. मादाम देल्मास, वय चौतीस, विमानात वायर असते हे पुस्तकात वाचलेल्या. म्हणाल्या, एस्कुबास, छोट्या विमानाच्या लाइनवर फोरमनची एक जागा आहे. तुमच्यासाठी धरून ठेवलीय. महिनाअखेर कळवा.
छोटं विमान! रोज दोन-दोन बाहेर पडतात. तो कारखाना नव्हे, पावाची भट्टी. विचार करतो म्हणालो. केला नाही.
ओडिल म्हणाली, घे. म्हटलं, तुला विमानांतलं काय कळतं? म्हणाली, विमानांतलं नाही कळत, तुझ्यातलं कळतं. वाद घातला नाही. बाहेर जाऊन फाटक रंगवलं. जानेवारीत रंग वाळत नाही, हे नंतर लक्षात आलं. कोट धुवायला टाकला.

२४ जानेवारी
आज डोकं चाललं. हॉल बंद कधी होईल? रिकामा झाला तर. रिकामा कधी होईल? हे विमान बाहेर गेलं तर. मग जाऊ कशाला द्यायचं? जूनमध्ये पॅरिसला विमानांचं प्रदर्शन आहे, ऑर्डरी तिथेच येतात. तोवर ताणायचं. एवढी साधी गोष्ट वरच्या एकाही शहाण्याला सुचू नये!

२५ जानेवारी
वरच्या मजल्याची वायरिंग पूर्ण होती. वायरींना बांधलेल्या पट्ट्या कापून पुन्हा बांधायला लावल्या. कारण, पट्ट्यांची टोकं एका रेषेत नव्हती. सेर्ज कझो अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. तो म्हणाला, अरे रेजिस, ही टोकं भिंतीच्या आत जाणार. बघणार कोण, उंदीर? म्हटलं, विमानात उंदीर नसतात. म्हणाला, मग कुणीच नाही बघणार. तरी बांधल्या. सेर्ज चांगला आहे, पण त्याला दर्जा कळत नाही.

३१ जानेवारी
मादामना नाही म्हणून सांगितलं. छाती काढून. म्हटलं, कॅप्टन जहाज सोडत नसतो. त्या म्हणाल्या, तुम्ही कॅप्टन नाही, वायरिंगवाले आहात. बाईंना भाषेतली गंमत कळत नाही.
जागा सेर्जला दिली. तो मान खाली घालून सांगायला आला. म्हणाला, घरी दोन पोरं आहेत, काय करू? म्हटलं, जा बाबा. सहा महिन्यांत परत येशील, तेव्हा ओळख दाखवीन. हसला नाही.
आता बारा जण उरले. सगळे माझ्यावर विश्वास ठेवून आहेत. निदान तसं कुणी नाकारलेलं नाही.

१२ फेब्रुवारी
विमान सातला बाहेर पडायचं होतं. पाच दिवस उशीर. छान चाललंय. गिऱ्हाईक कंपनीचे दोन तपासनीस आले, टॉर्च घेऊन. म्हणाले, इतकी नीट बांधणी आम्ही आजवर पाहिली नाही. सेर्ज हवा होता. मग विचारलं, विमान कधी देणार? म्हटलं, उत्तम कामाला वेळ लागतो. एकाने ते वाक्य लगेच लिहून घेतलं.

२२ फेब्रुवारी
मादाम तीनदा येऊन गेल्या. माणसं कमी आहेत का? नाही. सामान? आहे. मग? म्हटलं, दर्जा. एक लेखी पत्रकही देऊन गेल्या. वाचायला चष्मा नव्हता. मागची बाजू कोरी होती, पत्त्यांचे गुण मांडायला बरी पडली.
रात्री चीज खाल्लं. फार नाही.

२८ फेब्रुवारी
बाहेर गेलं. आणखी ताणता आलं नाही, पट्ट्या संपल्या. एकूण एकवीस दिवस मिळवले. पुढची दोन विमानं याच गिऱ्हाइकाची आहेत, तीही अशीच सावकाश करू. जून कुठे लांब आहे!

१४ मार्च
गिऱ्हाइकाने विमान नाकारलं. पुढची दोनही रद्द. करारात होतं की वीस दिवसांच्या वर उशीर झाला तर घेण्याचं बंधन नाही. वर्षभर ते निमित्तच शोधत होते. मादाम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, हेच लिहून दिलं होतं तुम्हाला, एस्कुबास. एक दिवस आधी सोडलं असतं तरी चाललं असतं.
ऑर्डरी नव्हत्याच. या दोन होत्या, त्या माझ्या हातून गेल्या. हे लिहिताना लाज वाटते. एरवी हे मी लिहिलं नसतं.
ओडिलने चीज माझ्यापुढे ठेवलं.

१८ मार्च, सोमवार
हॉल महिनाअखेर बंद. छोट्या लाइनवर आता जागा नाही, ना मला ना त्या बारा जणांना.
सकाळी कामावर आलं की आधी एकेकाशी हात मिळवायचा, मग कपडे बदलायचे. सत्तावीस वर्षं एक दिवस चुकलो नाही. आजही रांगेतल्या पहिल्यापुढे हात केला. बाराही जण हातमोजे घालून उभे होते. हॉलमध्ये हातमोजे घालावेत असं एकही काम उरलेलं नाही.