नसलेली भिंत

सर,

तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, तरी बावखलाचा वास आला की आधी तुम्ही आठवता. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. वसईत तुमच्या केळीच्या बागेमागच्या त्या बावखलात, बागेला पाणी पुरवणाऱ्या तळ्यात, गुडघाभर चिखलात उभी राहून मी पाण्याखाली वाढणाऱ्या झुपकेदार वनस्पतीच्या कळ्या खुडायचे. तिचं फूल पाण्यातच उमलतं, परागही पाण्यातूनच वाहत जातो. त्या परागकणाची भिंत कशी घडते, हा तुमच्या हाताखाली चाललेल्या माझ्या पदवीच्या प्रबंधाचा विषय. कुजक्या पाल्याचा लगदा नखांत बसायचा. स्वयंपाकघराच्या दारातच तुमची आई अडवायची, "बाय, ते पानी घान हाय, आदी हात धू." धुतले तरी चहाच्या कपाला तो वास लागायचाच.

तुमच्या घराच्या मागच्या पडवीत स्टोव्हवर मी पराग आम्लात उकळते आहे. इतर फुलांच्या परागाची बाहेरची भिंत आम्लालाही दाद देत नाही; आतलं सगळं जातं, ती उरते. माझ्या काचपट्टीवर काहीच उरत नाही. तुम्ही सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढता. "नासवलंस. इतकं उकळतात का?" मग मी एकाच नळीत आपले ताजे पराग आणि जास्वंदीचे पराग एकत्र उकळते. ते काटेरी गोळे शाबूत राहतात, आपले विरघळतात.

"सर, कोवळ्या कळीपासून उमललेल्या फुलापर्यंत सगळं पाहिलं मी. ती जाड भिंत घडतच नाही."

तुम्ही पुन्हा बघता. बराच वेळ बघता. तुम्हाला पटलंय, हे मला तोंडावरून कळतं. आणि मग तुम्ही टाक उचलून माझ्या आकृतीतल्या कणाभोवती आणखी एक जाड रेघ ओढता. "परीक्षकांच्या पुस्तकात भिंत आहे. त्यांच्याशी वाद घालणारी तू कोण?"

तुम्हाला कळलं नसतं तर मी नुसती रागावले असते. पण कळूनसवरून ओढलेल्या त्या रेघेची मला अजून शिसारी येते. ती आकृती जोडायला मी नकार दिला, तुम्ही प्रबंधावर सही केली नाहीत, आणि मी शाळेत फुलाचे भाग शिकवत म्हातारी झाले.

गेल्या आठवड्यात भाचीने कॉलेजचं नवं पुस्तक आणलं. त्यात आपलीच वनस्पती होती, परागाला बाहेरची भिंत नसलेली. मी पुस्तक तसंच उघडं धरून पायात चपला सरकवल्या आणि तुम्हाला दाखवायला निघाले. फाटकापाशी पोचल्यावर आठवलं, तुम्ही आता नाही.

हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. एवढं सगळं होऊनही शाबासकी मला तुमचीच हवी होती, आणि त्या क्षणी मला स्वतःचीच किळस आली.