पुढे कोण बसणार

रविवार, २८ मे

अक्रोडाचा केक संपवला त्याने. अख्खा! रोलंडने! एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने अक्रोडाला तोंड लावलेलं मी पाहिलेलं नाही. आज सायकल क्लबची सगळी मंडळी क्लेअर गावात चहाला थांबली. पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "तू घेशील तेच." मी मुद्दाम अक्रोड सांगितला. हूं नाही की चूं नाही. खाल्ला आणि वर "छान आहे हो" म्हणाला. तक्रार केली असती तर कुणीतरी विचारलं असतं ना — फळा वाचला नाहीस का?

तर मला वाटत होतं ते खरं आहे. त्याला नीट दिसत नाही.

जानेवारीत गाडी चालवणं सोडलं. "बसचा पास फुकट आहे, मग गाडी कशाला?" मी भाबडी, कौतुक केलं! शब्दकोडं आता मीच वाचून दाखवते, तो खुर्चीत डोळे मिटून उत्तरं देतो. तेही आवडत होतं मला. मूर्ख.

बाकी काही का असेना, सायकलचं काय? आमची टँडम, दोघांनी मिळून चालवायची. पुढे तो, मागे मी. हँडल त्याचं, ब्रेक त्याचे. माझ्या वाट्याला पाय आणि नकाशा, आणि समोर त्याची पाठ. चौकात थांबलं की पुढच्याने दोन्हीकडे बघायचं आणि ओरडायचं, "मोकळं!" मागच्याने तो शब्द प्रमाण मानून जोर लावायचा. एकतीस वर्षं लावते आहे.

सांगायला हवं. पण सांगितलं की त्याला पुढची सीट सोडावी लागणार. आणि ती सोडून तो सायकलवर बसेल असं मला वाटत नाही. म्हणजे सगळंच बंद. नाही सांगितलं तर एक दिवस दोघंही चाकाखाली.

क्लबातला मॉरिस थर्लो हल्ली चौकात फार बोंबलतो. आमच्या बरोब्बर पुढे असतो आणि असा ओरडतो की शेतातल्या गाई माना वर करतात. वय झालं त्याचं.

शुक्रवार, २ जून

आज सांगणार होते. तो वाटाण्यांना काठ्या रोवत होता, हाताने चाचपून चाचपून. म्हणाला, "चौदाला हवा चांगली आहे म्हणे." राहिलं.

शुक्रवार, ९ जून

विचारलं! न्याहारीला, सहज विचारल्यासारखं. "डोळे तपासून किती दिवस झाले रे?"

"डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही. माझे तपासायचेत, म्हणून म्हटलं."

"मग तपास की."

टोस्टला लोणी लावलं आणि विषय संपला. आता माझी वेळ ठरवून बसले आहे, पुढच्या महिन्याची. माझे डोळे ठणठणीत आहेत!

चौदाची फेरी रद्द करावी का? दर जूनमध्ये आम्ही दोघंच ही करतो. घरून, सडबरीहून निघायचं, मेलफर्ड, कॅव्हेंडिश, क्लेअर, हार्टेस्ट, मग लॅव्हनम आणि घर. चाळीस मैल. सायकल घेतली त्या वर्षापासून एकदाही चुकलेली नाही. क्लबबरोबर असलो की निदान पुढे-मागे माणसं असतात. त्या दिवशी कुणी नसणार.

मंगळवार, १३ जून

चीज आणि लोणच्याचे सँडविच केले. थर्मास धुतला. उद्या निघायच्या आधी सांगायचं. आधी!

बुधवार, १४ जून

नाही सांगितलं. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

साडेआठला निघालो. ऊन होतं, वारा पाठीशी. मेलफर्डच्या लांबलचक रस्त्यावर दुकानं उघडत होती. मी ठरवलं होतं की आपण काही बोलायचं नाही, फक्त प्रत्येक वळणाला त्याच्या खांद्यावरून वाकून स्वतः बघायचं. तशी बघत गेले. एकदा तो म्हणालाही, "काय गं, आज वळवळतेस का एवढी?" म्हटलं, सीट टोचते.

कॅव्हेंडिशच्या हिरवळीवर सँडविच खाल्ले. गुलाबी घरांपुढे कुणीतरी आपल्या कुत्र्याचा फोटो काढत होतं. तो घरांकडे तोंड करून म्हणाला, "किती सुरेख दिसतंय नाही?" मी हो म्हटलं. त्याला काय दिसत होतं कुणास ठाऊक. तिथे सांगायला हवं होतं. जागा चांगली होती, आणि तोंडात घास होता, म्हणजे लगेच भांडता आलं नसतं.

क्लेअरला नुसतं पाणी भरून घेतलं. मग हार्टेस्टचा उतार आला आणि माझा जीव मुठीत. त्याने ब्रेक सोडून दिले! दर वर्षी सोडतो. खाली जाईपर्यंत लहान पोरासारखा आरडाओरडा करत होता, आणि मी मागे डोळे गच्च मिटून. म्हणजे त्या सबंध उतारावर बघणारं कुणीच नव्हतं.

पुढे अल्फटनला मोठा रस्ता ओलांडावा लागतो. मी सकाळपासून प्रत्येक चौक बघितला होता, आणि नेमकं तिथेच बघायचं राहिलं. का? तर मी वाक्य जुळवत होते. "रोलंड, मला जरा बोलायचंय" की "रोलंड, रागावू नकोस हं"? डोक्यात तेच चाललेलं. त्याच्या मानेकडे बघत होते. ती मान मला पाठ आहे. ती डावीकडे वळली नाही, उजवीकडे वळली नाही. थोडी कलली फक्त. दाराबाहेर कुणी आलंय का ते ऐकताना आपण कलतो तशी. उजवीकडून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. आवाज दूर गेला. "मोकळं!" आणि मी जोर लावला. सवय!

ट्रॅक्टरच्या मागे रखडत एक गाडी येत होती. विजेवरची. आवाज नाही, काही नाही. माझ्या कोपराला तिचा आरसा घासून गेला. हॉर्न, चाकांचा कर्कश आवाज, आणि आम्ही पलीकडच्या गवतात, आडवे.

कुणाला काही झालं नाही. माझं कोपर सोलवटलं एवढंच. गाडीतून एक टायवाला माणूस उतरला, पांढराफटक. म्हणाला, "सॉरी, फार फार सॉरी, माझंच लक्ष नव्हतं." होतं की त्याचं लक्ष! लक्ष होतं म्हणून तर आम्ही जिवंत आहोत. रोलंड म्हणाला, "छे छे, सॉरी आम्हीच." मीही म्हटलं, सॉरी. मी कशाबद्दल म्हटलं देव जाणे! तिघांनी एकमेकांची दोन-दोनदा माफी मागितली, हवा छान आहे म्हणालो, आणि तो निघून गेला. झालं काय, चुकलं कुणाचं, यावर कुणी ब्र काढला नाही.

रोलंड सायकल उचलून हँडल सरळ करत होता. बराच वेळ करत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आवाजच नसतो त्या मेल्या गाड्यांना."

एवढंच. म्हणजे तो ऐकून रस्ते ओलांडत होता! किती दिवस? मी विचारलं नाही. म्हटलं, "नसतो खरा."

"इथून पुढे तूपण बघत जा," म्हणाला.

लॅव्हनमपर्यंत आणि तिथून घरापर्यंत चौक मी बघितले. "थांब" म्हटलं की थांबायचा. "मोकळं" म्हटलं की निघायचा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द मी ओरडले. पहिल्या वेळी घोगराच निघाला आवाज. नंतर बरा निघाला. लॅव्हनमला चहा घेतला, जुन्या वाकड्या घरांसमोर पर्यटक ढिगाने. दुकानातल्या बाईने विचारलं, कुठवर जाऊन आलात? रोलंडने सगळा रस्ता सांगितला, हार्टेस्टच्या उतारासकट. अल्फटन सोडून.

शुक्रवार, १६ जून

मॉरिस आला होता, क्लबची पुस्तिका द्यायला. रोलंड आंघोळीला गेलेला. माझं कोपर बघून म्हणाला, "काय झालं गं?" मला राहवलं नाही. सांगितलं सगळं.

त्याने टोपी काढून हातात फिरवली. "आम्हाला वाटलंच होतं कधीतरी असं होणार. मार्चपासून बघतोय आम्ही. म्हणून तर पाळ्या लावल्या ना."

"कसल्या पाळ्या?"

"तुमच्या पुढे राहायच्या. दर रविवारी एकाने. चौकात जोरात ओरडायचं, त्याला ऐकू जाईल असं. बहुतेक वेळा मीच असतो, माझा आवाज मोठा."

मार्चपासून! चौदा माणसांना माहीत. यादी करून, पाळ्या लावून! "मग मला एका शब्दाने सांगता आलं नाही?"

"अगं, आम्हाला वाटलं तुला माहीत असणार. नवरा-बायकोच्या मध्ये कसं बोलायचं? बरं नाही दिसत ते."

बरं नाही दिसत! डोक्यात तिडीक गेली. मी चाकाखाली गेले असते तर बरं दिसलं असतं? या लोकांचा सभ्यपणा माझा जीव घेणार होता. पण बोलणार कुठल्या तोंडाने? मीही तीन आठवडे तेच केलं. त्याला चहा विचारला. दोन कप प्यायला.

मंगळवार, २० जून

इप्सविचला डोळ्यांच्या दवाखान्यात. तो स्वतःहून म्हणाला, चल. डॉक्टरीणबाई तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या. दोन्ही डोळ्यांना मधलं दिसणं गेलंय, कडेचं राहील. पूर्ण आंधळे होणार नाहीत, पण वाचणं आणि चेहरे ओळखणं जाणार. सायकल? "पुढे बसून? अजिबात नाही." आमच्यापैकी कुणीही चार महिन्यांत हे म्हणू शकलं नव्हतं. या बाईंना चार सेकंद लागले.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मी पुढे बसेन. तू मागे."

"तुला नाही आवडायचं पुढे."

"कोण म्हणालं?"

"तूच. दुकानात. सायकल घेतली त्या दिवशी. मी विचारलं होतं, पुढे कोण बसणार? तू म्हणालीस, मला काय, कुठेही चालेल."

म्हणाले होते. आठवतंय मला. पण 'कुठेही चालेल' म्हटलं की समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं! एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. मग मी म्हणणार होते, बरं, तू म्हणतोसच तर बसते पुढे. त्याने एकदाच विचारलं. आणि मी एकतीस वर्षं त्याची पाठ बघितली.

हे सगळं मी बसमध्ये त्याला सांगितलं. जरा मोठ्यानेच. पुढच्या बाकावरच्या बाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

हॅडली गाव येईपर्यंत तो बसचा पास बोटांत फिरवत होता. मग म्हणाला, "मला कळलं असतं तर दिली असती की." आणि थोड्या वेळाने, "पण मागे बसून नुसते पाय मारायचे? बघायचं नाही, वळवायचं नाही, दुसरा नेईल तिकडे जायचं? मला नाही जमायचं ते, मेरियल. खरंच नाही."

नुसतं "बघू" म्हटलं.

मंगळवार, २७ जून

टँडम गेली. क्लबमधल्या एका नव्या जोडप्याला देऊन टाकली त्याने. मॉरिस न्यायला आला. रोलंडने स्वतः फाटकापर्यंत ढकलत नेली आणि गंमत करत होता, "साखळी जपा रे, बायकोपेक्षा जास्त तेल लागतं तिला." मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तीच भांडी दोनदा घासली. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मॉरिस परत आला. त्याच्या बायकोची जुनी निळी सायकल घेऊन, एकटीची. रोलंडनेच मागून ठेवली होती. "तू थांबू नकोस माझ्यासाठी," म्हणाला.

बुधवार, ५ जुलै

एकटी गेले. कॅव्हेंडिश, क्लेअर, वाटलं म्हणून आणखी पुढे, वाटलं म्हणून डावीकडे, एका गावात नुसतीच तलावाच्या काठी बसले, आणि परत. चौतीस मैल. गहू पिवळा व्हायला लागलाय. समोर सगळं दिसतं! आयुष्यात इतकी मजा मला कधी आलेली नाही. आणि त्याची आठवण एकदाही झाली नाही. एकदाही.

तो फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता, दुपारपासून. "कशी झाली गं?"

म्हटलं, "तुझ्याशिवाय? नुसता कंटाळा आला."