मामांना हाक

पवई, ५ जुलै १९८६

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

मुंबईत आपलं कोणी नाही म्हणून आई रडत होती ना? तिला सांग, मला मामा सापडले! कुंडलिकमामा, आपल्या परभणीकडचेच. साकीनाक्याची झोपडी तुटल्यापासून कॉलेजच्या भिंतीलगत प्लास्टिक बांधून राहतात. स्टॉपपासून हॉस्टेलपर्यंत रस्त्यावरचे दिवे बंद असतात. मागच्या आठवड्यात एका मुलीला चाकू दाखवून ओढलं होतं. तेव्हापासून मी बसमधून उतरले की मामा खोकत गेटपर्यंत मागे येतात. मी मामा म्हटलं की वर्गातली पोरं खिदळतात. इथे पोलिसाला मामा म्हणतात म्हणे!

पत्राचा आळस करू नकोस, माया आहे तशीच असू दे.
तुझी जया

सेलू, १४ जुलै

चि. जयास अनेक आशीर्वाद.

तू तिकडे मामा जोडलास आणि इकडे आईने लगेच जवसाची चटणी कांडली. तिला भाऊ नाही, तुला ठाऊकच आहे. पार्सल तिच्या 'भावा'ला दे. तू वाटेतच फस्त करशील म्हणून दोन डबे बांधलेत. बाबांना मात्र घोर लागलाय. अंधाराच्या आत परतत जा.

तुझा दादा, भीमराज

पवई, २ ऑगस्ट

दादा, जयभीम.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. परवा संध्याकाळी स्टॉपवरून येताना एकाने मागून केस धरले आणि मला गटाराकडे ओढलं. मी त्याच्या बोटाला कडकडून चावले आणि मामांना हाक मारली. ते धावत आले, त्याच्या कमरेला मिठी मारून लोंबकळले. तेवढ्यात हॉस्टेलची पोरं हॉकी स्टिक घेऊन आली, पुढे माझ्याच वर्गातला चंद्रप्रकाश. मला ओढणारा तो इस्त्रीच्या शर्टातला हरामखोर ओरडला, की या भिकाऱ्यानेच पोरीला धरलं होतं. झालं! पोरांनी त्याला सोडलं आणि मामांवर तुटून पडली. चंद्रप्रकाशच्या पहिल्याच फटक्यात मामांचा जबडा फुटला. मी मामा, मामा म्हणून किंचाळत होते आणि चंद्रप्रकाश मला धीर देत होता, की घाबरू नको, मामांना फोन केलाय, येतीलच. दादा, त्याला वाटलं मी पोलिसांना बोलावतेय! मी जितकी ओरडले, तितकं त्यांनी जोरात मारलं. शेवटी मी मामांच्या अंगावर पडले. एक स्टिक माझ्या खांद्यावर बसली, तेव्हा थांबले. रक्ताने माझी ओढणी चिंब झाली होती.

मामा काल इस्पितळात वारले. प्रेत बेवारस पडलंय. वॉर्डन म्हणतात, हल्ला त्यानेच केला असं सांग, नाहीतर पोरांची आयुष्यं जातील आणि तुझी खोलीही. चंद्रप्रकाश पाया पडून रडला. मला त्याची कीवही येते, संतापही. मेलेला तुझा कोण, असं फौजदाराने विचारलंय. अकरा तारखेला जबाब आहे. काय करू रे?

तुझी जया

सेलू, ६ ऑगस्ट

लाडक्या जयास,

बाबा म्हणाले, गप राहून शिक्षण पुरं करू दे. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं. पण आई उठून उभी राहिली. माझ्या लेकीपायी जीव दिला, त्याला गुंड म्हणून जाळू देणार नाही, असं बाबांच्या तोंडावर म्हणाली. रविवारी तिला घेऊन येतोय. प्रेत ती ताब्यात घेणार आहे. खोली गेली तर आपण बघून घेऊ.

जबाब खरा दे, चंद्रप्रकाशचंही नाव घे. फक्त तिथे मामा म्हणू नकोस, त्या लोकांना तो शब्द कळत नाही. माझ्या आईचा भाऊ होता, असं सांग.

आम्ही आहोत,
दादा