चौदा पोस्टकार्डं

६ ऑक्टोबर, सोमवार

आज परत. तिसऱ्यांदा! "मिस— सॉरी, बाई."

मी पाठमोरी, फळ्यावर गणित लिहीत होते. मागून हाक आली आणि अख्खा वर्ग खुदकन हसला. मीही हसले. काय करणार? पण आत नुसती आग. बावीस वर्षं ह्या अंबरनाथच्या शाळेत बाई आहे मी. आणि जेमतेम तीन महिने माझ्या जागेवर येऊन गेलेली ती माधवी— ती मिस!

ऑपरेशन काय मी हौसेने करून घेतलं? गर्भाशय काढलं, जून ते सप्टेंबर रजा, आणि परत येऊन बघते तर चौथी अ माझी राहिलीच नव्हती. बाकं गोलात. भिंतीवर कागदाचे मासे. "मिस गोष्टीत सगळ्यांचे आवाज काढायच्या." "मिस आमच्याबरोबर डबा खायच्या." "मिस कधीच ओरडायच्या नाहीत." अगं बाई गं! अडतीस पोरांवर तीन महिने न ओरडता राहिली म्हणे. मला नाही खरं वाटत.

जाताना बाईसाहेब फळ्यावर आपला उल्हासनगरचा पत्ता लिहून गेल्या आणि मेल्यांनी तो पाठ केला, पिनकोडसकट! सतराचा पाढा येत नाही अजून.

बाकं मी पहिल्याच दिवशी सरळ केली. मासे तेवढे ठेवले.

८ ऑक्टोबर, बुधवार

मुख्याध्यापक सर आज स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर— "संजीवनीबाई, तुमच्या वर्गाचं वाचन फार सुधारलंय हो या सत्रात!" ह्या सत्रात मी वर्गावर किती दिवस होते ते सरांना चांगलं ठाऊक आहे. मी "थँक्यू सर" म्हटलं. चहा तसाच टाकून उठले.

घरी आले तर स्वप्नाली मोबाइल नाचवत पुढे. "मम्मी, माधवी मिसची रांगोळी बघ, कसली भारी यार!" माझी पोटची पोर, बारावीतली घोडी, हिला फॉलो करते! कधीपासून? तर म्हणे माझा रजा वाढवायचा अर्ज द्यायला शाळेत गेली होती, तेव्हा ओळख झाली. "किती कूल आहेत गं त्या. तू त्यांच्याकडून शिक ना काहीतरी."

मी भांडी आपटली. सासूबाई मटार सोलत होत्या. म्हणतात, "सवत आनल्यासारी काय गो धुसफुसतेस?" हे पेपरामागून हसले. फॅक्टरीतून आल्यापासून एक शब्द नव्हता तोंडातून, नेमकं इथे हसायला जाग आली.

हो, जळते मी. झालं? लिहिलं. ह्या वहीपुरतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज पोस्टकार्डांचा दिवस. दर दिवाळीला परीक्षा संपली की मी चाळीस कार्डं आणते. पोस्टातला माणूस म्हणतो, मॅडम, तुमच्यासाठीच मागवून ठेवतो. पत्रलेखनाचा धडा पुस्तकात असतोच, पण खरं कार्ड, खरा पत्ता, आणि खऱ्या पेटीत टाकायचं— ही माझी पद्धत. माझी! कुण्या मिसची नाही. मुलांनी हवं त्याला लिहायचं, मी गोळा करून घरी जाताना पेटीत टाकायची.

जिभा बाहेर काढून लिहीत होती पोरं. वर्ग इतका गप्प की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मला बरं वाटत होतं. वाटलं, आला वर्ग हातात.

तुळशी सगळ्यांत शेवटी. डाव्या हाताचा आडोसा करून, बारीक अक्षरात, पार कडेपर्यंत. हिची आईही माझ्याच हाताखालून गेलेली, २००५ची चौथी. अजून रस्त्यात दिसली तर वाकून नमस्कार करते. पोरगी आईसारखीच घुमी. कार्ड हातात देताना म्हणते, "बाई, तुम्ही आता पूर्ण बऱ्या झालात का?"

"तुम्ही होऊ द्याल तर ना!" मी म्हटलं. गठ्ठा लावत होते. उभीच राहिली थोडा वेळ. "जा, बस जागेवर." बसली.

मग स्टाफरूममध्ये पिनकोड तपासायला बसले. मामा, आजी, पोलीस भरतीला गेलेला शेजारचा दादा. आणि मग— माधवी मिस, उल्हासनगर कॅम्प २. पुढचं— माधवी मिस. पुढचं— माधवी मिस. चौदा! अडतीसातली चौदा!

मला एकही नाही. आता मी तर त्यांच्या डोळ्यांसमोर उभी, मला कोण कशाला लिहील? कळतं मला. तरी गठ्ठा परत चाळला. दोनदा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

शाळेचा शेवटचा दिवस. वर्गात फराळ, कागदाचे कंदील, आरडाओरडा. "बाई, हॅपी दिवाळी! बाई, पत्रं टाकलीत?" आज टाकते म्हटलं.

चोवीस टाकली. चौदा नाही टाकली.

हात पेटीपर्यंत गेला होता. खरंच गेला होता. मग पर्समध्ये परत ठेवली आणि रिक्षात बसले. बदलापूर येईपर्यंत पर्स मांडीवर घट्ट धरून. घरी आल्यावर कपाटात, साड्यांखाली.

वाचली मात्र नाहीत. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हे मीच वर्गाला शिकवते. पत्त्याची बाजू वर करून रबर लावलं. चोर आहे, पण शिस्तीची! सुट्टी संपल्यावर बघू. कायमची थोडीच ठेवणार आहे? तिलाही कळू दे जरा— पोरं आज डोक्यावर घेतात, उद्या विसरतात. मला नाही का कळलं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

चकल्या तेलात विरल्या. मोहन जास्त पडलं. सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय तुजा?" ध्यान कपाटात.

१९ ऑक्टोबर, रविवार

स्वप्नालीच्या ड्रेससाठी कॅम्प २ला गेलो. तिनेच त्या दुकानात खेचलं. आत पाऊल टाकलं आणि काउंटरमागे माधवी! गळ्यात टेप, हातात कात्री, मागे कापडाचे ताके. मला क्षणभर ओळखूच आली नाही. शाळेत साडीत बघितलेली, आज दुकानाच्या टी-शर्टमध्ये.

"बाई! तुम्ही?" काउंटरखालून वाकून बाहेर आली, पाया पडली. "उभ्या नका राहू, टाके ओले असतील अजून." स्टूल ओढून दिलं. टाके कधीच सुकलेत. पण माझ्या घरात कुणाला आठवत नाहीत ते, हिला आठवले.

डीएड झालेली मुलगी, सीझनपुरती दुकानात नोकरी धरलीय. शाळेत जागा नाही. "कुठे निघाली तर सांगाल ना बाई?" म्हटलं, हो, सांगेन की. मागून सेठ ओरडला, "माधवी, पहले कस्टमर देख, गप्पे बाद में." ती "हो सेठ" म्हणून ताके काढायला लागली. काढता काढता हळूच विचारते, "मुलं कशी आहेत?"

"मजेत."

"पत्र लिहू म्हणाली होती. मी येडी, रोज जिन्याखालची पेटी बघते." हसली. "विसरली असतील. मुलंच ती."

मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला! छातीत गार वाटलं अगदी. आणि वर मी म्हणते काय— "हो गं, मुलं काय, विसरतात पटकन." तिने मान हलवली. गुलाबी ताका उलगडला, परत गुंडाळला, तोच परत उलगडला. स्वप्नालीने तिच्या गळ्यात पडून सेल्फी काढला. त्या फोटोत माधवी हसतेय, पण डोळे बघवत नाहीत.

येताना रिक्षात स्वप्नाली म्हणाली, "मम्मी, तू त्यांच्याशी एवढी रुक्ष का बोललीस?" म्हटलं, डोकं दुखतंय.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

वर्गाच्या ग्रुपवर सकाळपासून फोटो. आजोबांच्या हातात पोस्टकार्ड! मामींनी तर फ्रेम करायचं ठरवलंय. सगळ्या पालकांचं एकच— बाई, तुमची आयडिया फार छान. अंगठे, फुलं, हात जोडलेले. एरवी मी दिवसभर मिरवलं असतं.

संध्याकाळी ऐन पूजेच्या वेळी एका पोराचा आवाज आला, आईच्या मोबाइलवरून. "बाई, मिसचं उत्तर नाही आलं. तुम्ही नक्की पेटीत टाकलं ना?"

"टाकलं रे बाळा. दिवाळीत टपालाला उशीर होतो."

लक्ष्मीपुढे दिवा लावलेला, आणि हे शब्द माझ्या तोंडून. ह्यांनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, शाळेचं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सनी आला, ओवाळलं. जेवताना म्हणाला, "ताई, दरवेळी शाळेचंच पुराण असतं तुझं. ह्या वेळी एक शब्द नाही?" बासुंदी वाढली त्याला अजून एक वाटी. तोंड बंद.

२६ ऑक्टोबर, रविवार

सासूबाईंनी माझी जुनी कॉटनची साडी काढायला कपाट उघडलं आणि गठ्ठा खाली पडला. त्यांना वाचता येत नाही. उलटून पालटून बघितलं. "कोनाची गो ही पत्रा?"

"वर्गातल्या मुलांची."

"मंग हितं काय करतान?"

बावीस वर्षं पोरांना प्रश्न विचारतेय, आणि ह्या निरक्षर बाईने एका प्रश्नात मला उभं केलं. सगळं सांगून टाकलं त्यांना. ऑपरेशनपासून सगळं. आत ती पोकळी झाल्यासारखं वाटतं ते, मुलं मिस म्हणतात ते, कॅम्पातल्या दुकानातलं— सगळं. रडले. त्या ओरडतील असं वाटलं होतं. नाही ओरडल्या. म्हणाल्या, "तुजा काय गेला नाय. तिचा मात्र तू घेतलास. जा, टाकून ये आदी."

भर दुपारी चपला घातल्या आणि गेले. एकेक करून चौदा टाकली पेटीत. आज रविवार, उद्या निघतील. किती हलकं वाटलं! बारा दिवस उशीर, बस्स. दिवाळीच्या शुभेच्छा त्या, चार दिवस इकडे तिकडे. कुणाचं काय बिघडलं?

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली! फाटकातच पाच-सहा जण येऊन बिलगले. "बाई! बाई! बाई!" एकदाही कुणी चुकलं नाही, का मीच मोजायचं सोडलं? बाकं गोलात लावून घेतली. आपण होऊन. पोरं बघतच राहिली. डबाही त्यांच्याबरोबर खाल्ला, एकीने तिच्या आजीची करंजी खायला लावली.

माधवीच्या जागेचं सरांच्या कानावर घालायचं ठरवलंय. जूनमध्ये एक बाई निवृत्त होतायत.

हजेरी सदतीस. तुळशी तेवढी नाही. गावाहून यायची असेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मधल्या सुट्टीत माधवी आली. धावत आली असावी, घामाघूम. एक कार्ड पुढे केलं. वर तुळशीच्या हातची तारीख १४, पोस्टाचा शिक्का २७चा. तिने दोन्ही ताडून बघितलं होतं. मी तुळशीच्या आईला फोन लावला. "तिकडेच ठेवली बाई, जुन्नरकडे. दाखला न्यायला हे येतील." कार्डावरचं उतरवून ठेवते.

"प्रिय मिस, मला मामाकडे पाठवणार आहेत. मामीचं बाळ सांभाळायला. मग शाळा नाही. आई कोणाचं ऐकत नाही, फक्त बाईंचं ऐकते. पण बाईंना बरं नाही, त्यांना त्रास द्यायचा नाही असं तुम्ही सांगितलं होतं. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही बाईंना सांगा. मामा भाऊबीजेला येणार आहे. त्याच्या आत सांगा."