अक्षय तृतीयेपर्यंत अंगणाला फावडे लावू नये

॥ श्री ॥

मी, कडूबा नारायण राऊत, वय अंदाजे एकोणपन्नास, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार धाड, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे. शरीराची तेवढी खात्री देता येत नाही, कारण मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवा अकोल्याला इस्पितळात जायचे आहे. डॉक्टर म्हणतात, बरे होऊन याल. माझाही विठ्ठलावर तसाच भरवसा आहे. पण पाऊस येणार म्हणून माळी काही विहिरीवरची मोट सोडून ठेवत नाही. हा कागद तसा समजावा. कोणी भरीस घातलेले नाही.

१. राहते घर, देवघर आणि भांडीकुंडी माझ्या पश्चात पत्नी मंजुळाबाई हिच्या पूर्ण मालकीची व्हावीत. आम्हाला मुलगा नाही, म्हणून घर भावाकडे जाणार असे गावात काही जणांनी ठरवून टाकले आहे. त्यांनी पुन्हा एकदा बसून दुसरे काही ठरवावे.

२. देवळामागचा मळा मंजुळेने बटाईने लावावा. तिच्यानंतर तो मुलगी रुख्मिणी हिला मिळावा.

३. अंगण. खरे तर या कलमासाठीच लिहायला बसलो. वाटणीच्या वेळी मी आणि धाकटा भाऊ किसन यांनी घरे आणि जमीन वेगळी केली, अंगण मात्र सामाईक ठेवले. त्यात माझे गवत आहे.

बुलढाण्याला साहेबाच्या बंगल्यावर मी भाजी देत असे. तिथली जुनी हिरवळ उपटून टाकत होते, तेव्हा बंगल्याचे माळी उत्तमराव यांनी तिचे तुकडे माझ्या वांग्यांच्या रिकाम्या टोपलीत भरून दिले. याला मनिला गवत म्हणतात. बारीक, दाट, पायाला गादीसारखे. मी विचारले, "हे खाते तरी काय?" ते म्हणाले, "ऊन. सावलीत ठेवलं तर उपाशी मरते."

आमच्याकडे अंगण शेणाने सारवलेले असावे लागते. दारात गवत दिसले की घर ओस पडले असे समजतात. मंजुळा म्हणाली, "लोक म्हणतीन, कडूबाच्या घरी माणसंच राह्यली नाहीत."

मी म्हणालो, "आपण दोघं त्याच्यावर बसलेले दिसू, मग कसे म्हणतील?"

"बसा तुम्ही. मले सारवाले अंगण पाह्यजे."

पहिल्याच हिवाळ्यात गवत काडासारखे पिवळे पडले. मंजुळेला ते मेले असे वाटले आणि थोडे हायसेही वाटले. मी बाजाराला गेलो असता तिने शेणमातीचा चांगला जाड हात फिरवून सगळे अंगण सारवले आणि वर संक्रांतीची रांगोळी काढली. घरी येऊन मी पाहिले. मलाही ते मेलेलेच वाटत होते, म्हणून रांगोळीला वळसा घालून आत गेलो. गुढीपाडव्याच्या सकाळी मी गुढीचा बांबू धूत होतो, तर तिची हाक आली, "अहो, इकडं या लवकर! हे पाहा, उठून राह्यलं!" सारवण ठिकठिकाणी तडकले होते आणि भेगांतून हिरव्या सुया वर आल्या होत्या. मंजुळा उकिडवी बसून बोटांनी शेणाचे पोपडे उचलत होती. निजलेल्या लेकराच्या तोंडावरचे पांघरूण काढावे इतक्या हलक्या हाताने. तेव्हापासून ती फक्त उंबऱ्यापुढची पट्टी सारवते, आणि संध्याकाळी मी नाम घ्यायला गवतावर बसलो की माझ्याआधी तीच येऊन बसलेली असते.

आता पौष आहे. गवत पुन्हा पिवळे आहे. किसनने नवी बैलजोडी घेतली आहे. काल फावडे खांद्यावर घेऊनच तो आला.

"दादा, गवत मेलं. मी इथं गोठा घालतो."

"मेलं नाही बे, झोपलं."

"दरसाल झोपते तुमचं गवत! माहे बैल उघड्यावर थंडीत उभे हायेत, त्याइले काऊन नाही झोप?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणून मळ्याच्या कडेची चिंचेखालची जागा मी गोठ्यासाठी किसनला देतो. माझ्या मरणाची वाट न पाहता, आजपासून. बदल्यात अंगणातला त्याचा हिस्सा मंजुळेला मिळावा. अट एकच. अक्षय तृतीयेपर्यंत अंगणाला फावडे लावू नये. तोवर गवत हिरवे झाले नाही तर किसनने सगळे अंगण खुशाल घ्यावे आणि चिंचेखालची जागाही ठेवावी. मी तेव्हा असेन किंवा नसेन, मला या अटीची भीती वाटत नाही.

४. गवतासाठी मी अर्जुना धनगराकडून मेंढ्यांची लोकर कातरायची कातर मागून आणली होती. ती देताना तो म्हणाला होता, "कातरून झालं की दूधही काढ बे कडूबा." माझ्या पश्चात कातर त्याला परत द्यावी. पण मंजुळेने बोलावले की त्याने स्वतः येऊन गवत कातरून द्यावे. चहा मिळेल. दूध मागू नये.

५. मृग लागला की रुख्मिणीला गवताची एक टोपली सोनाळ्याला, तिच्या सासरी, पोचवावी. पोरी, जागा उन्हातली घे. हरळी आणि लव्हाळा आधी मुळासकट काढ. मुठीएवढे तुकडे वितीवितीवर लाव. ती मुळे धरीपर्यंत ओल मोडू देऊ नको, पुढे रोज शिंपडत बसू नको, आठवड्यातून एखाद्या वेळी पोटभर पाणी दे. पहिली दोन वर्षे काहीच होत नाही असे वाटेल. एकदा ते एकमेकांत जुळले की तणाला आत येऊ देत नाही. सासूबाई म्हणाल्या की घर ओस दिसते, तर वाद घालू नको. त्यांना त्यावर अनवाणी उभे कर.

६. अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या आखजीला, आपण गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. मी नसलो तर माझी घागर घरात न मांडता गवतावर मांडावी आणि पूजा झाल्यावर पाणी तिथेच ओतावे. घागर किसनने भरावी. त्यासाठी त्याला गवतावर यावे लागेल आणि वहाणा काढाव्या लागतील. एवढे त्याने माझ्यासाठी एकदा करावे.

हा मजकूर मी साक्षीदारांसमोर आणि किसनसमोर मोठ्याने वाचला व त्यांच्यादेखत सही केली.

सही: कडूबा नारायण राऊत

साक्षीदार:
उत्तमराव गोविंदराव खंडारे, माळी, बुलढाणा. सही.
अर्जुना भिवा धनगर, राहणार धाड. निशाणी अंगठा.

मुक्काम धाड, पौष, शके १८५९, तारीख २३ जानेवारी १९३८.

मी किसन नारायण राऊत. मला कागदात जागा मिळते म्हणून साक्षीदार नाही, कबुली देतो. अट मान्य. घरातली दोन्ही फावडी वहिनीच्या हवाली केली. बैल उद्यापासून चिंचेखाली बांधतो. घागर भराले मले लावू नका दादा. आखजीले गवताले पाणी तुम्हीच घाला, मी वहाणा काढून बाजूले उभा राहतो.

सही: किसन